मोतिया की सोफिया?

बुऱ्हाणपूरहून धारणीकडे, म्हणजे मेळघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या शिवेजवळ देडतलाई हे गाव आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला गाविलगडचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी. निमाड, खानदेश आणि वऱ्हाड हे तिन्ही मुलूख इथे एकमेकांना टेकतात. मोगलांच्या काळात खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं बुऱ्हाणपूरला होतं, इंग्रजी अमदानीत हा भाग निमाड जिल्ह्यात गेला आणि २००३ साली बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. कोरकू, निमाडी, हिंदी आणि वऱ्हाडी वळणाची मराठी इथे शेजारी शेजारी नांदतात.

पावसाळा सरत आला की या पट्ट्यातल्या उघड्या, कोरड्या उतारांवर एक उंच गवत फुलोऱ्यावर येतं. माणसाच्या उंचीचं, कुठे कुठे त्याहूनही उंच. पान बुडाशी रुंद होऊन काडीला वेढून बसतं. तुरे आधी पांढुरके-हिरवट असतात, पुढे तांबूस होत जातात. तुरा बोटांत चुरडला तर गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो आणि तो हाताला बराच वेळ राहतो. मराठीत याला रोशा, रोशेल किंवा तिखाडी म्हणतात. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. आपल्या परसातला गवती चहा याचाच भाऊबंद आहे.

सुगंधी तेलाची रासायनिक रचना म्हणजे नेमकं काय, ती कोण ठरवतं आणि कशाने बदलते, हे समजून घ्यायला या गवतासारखं दुसरं उदाहरण आपल्या प्रदेशात नाही. रसायनशास्त्राच्या इतिहासातला एक महत्त्वाचा रेणू जगाला पहिल्यांदा सापडला तो हिंदुस्थानातून गेलेल्या अशाच गवताच्या तेलात. आणि तेलाच्या रचनेविषयीचा सर्वांत मोलाचा प्रश्न प्रयोगशाळा उभ्या राहण्याच्या आधी इथल्या भट्टीवाल्यांनी विचारून ठेवला होता.

गवताला मिळालेलं नाव

'मार्टिनी' हे नाव क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्यावरून आलं. लखनौची ला मार्टिनियर शाळा ज्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिली, तोच हा मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर दख्खनच्या बालाघाट पठारावर होता. तिथे त्याला दिसलं की गुरं हे गवत अधाशासारखी खातात आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो. त्याने बी गोळा करून लखनौला नेलं आणि तिथे लावलं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने गवताचं वर्णन करताना मार्टिनचं नाव त्याला दिलं.

हे निरीक्षण साधं आहे, पण त्यात रसायनशास्त्राचा गाभा आहे. गवतातला वास गाईच्या पोटातून जाऊन लोण्यात उतरतो, याचा अर्थ तो पाण्यापेक्षा स्निग्धात अधिक विरघळणारा आणि बऱ्यापैकी टिकाऊ असा पदार्थ आहे. तो वेगळा काढता येईल. निमाड-खानदेशातली माणसं तो काढतच होती.

ओढ्याकाठची भट्टी

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी औषधग्रंथांत या तेलाला 'निमाडचं गवत-तेल' असंही म्हटलेलं आढळतं. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये या धंद्याची माहिती आहे. पिंपळनेर हे त्याचं जुनं केंद्र. नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांतही गवत मुबलक होतं. मध्य प्रांतात तर जंगलातलं रोशा गवत काढण्याचा हक्क वनखातं लिलावाने ठेक्यावर देत असे.

भट्टी नेहमी ओढ्याकाठी लागायची, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी हवं. दगडमातीच्या चुलाणावर मोठी धातूची देग. तिच्यात गवताच्या पेंढ्या आणि पाणी. वरून झाकण लिंपून बंद. झाकणातून निघालेली वेळूची नळी ओढ्याच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरलेली. खाली जाळ लागला की वाफ नळीतून जाते, गार भांड्यात तिचं पाणी होतं आणि त्या पाण्यावर फिकट पिवळं तेल तरंगू लागतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वरच्यावर काढून घेता येतं.

यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. या तेलातला मुख्य घटक एकटा उकळायला सुमारे २३० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ओढ्याकाठच्या देगीत पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जाऊच शकत नाही. मग तेल बाहेर येतं कसं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघंही आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे लावतात. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं, आणि हे शंभर अंशांच्या किंचित खालीच घडतं. तेलाचा वाटा त्या दाबात अगदी थोडा असतो. पण त्याचा एक रेणू पाण्याच्या रेणूच्या साडेआठ पट जड आहे, म्हणून मोजकेच रेणू निघाले तरी वजनाने हाती बऱ्यापैकी तेल पडतं. नाजूक रेणू जाळून न टाकता बाहेर काढण्याची ही युक्ती आहे. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या यंत्रातही हेच तत्त्व चालतं. फरक इतकाच की तिथे वाफ वेगळ्या बॉयलरमधून येते आणि गवताचा तापल्या बुडाशी संबंध येत नाही.

हा फरक मात्र तेलात उतरतो. देगीतलं पाणी कमी पडलं की तळचं गवत करपतं आणि तो करपट वास तेलाला लागतो. लोखंडी भांड्यामुळे तेल काळवंडतं, तांब्यामुळे हिरवट झाक येते. म्हणजे तेलाच्या रचनेत गवताबरोबर भट्टीचाही हात असतो.

मुंबई ते इस्तंबूल

खानदेशातलं तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांवर लादलं जाई आणि कोंडाईबारी घाटाने सुरतेकडे उतरे. मुंबई ही त्याची मोठी पेठ. तिथून ते तांबड्या समुद्रातल्या बंदरांना, पुढे इजिप्त आणि तुर्कस्तानात पोहोचे. युरोपात गेल्यावर त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' असं नाव पडलं. व्यापाऱ्यांनी शेवटचं बंदर पाहून नाव दिलं, निमाड-खानदेशचा डोंगर त्यातून गळून गेला.

तुर्की साम्राज्यात, विशेषतः आजच्या बल्गेरियातल्या कझानलक खोऱ्यात, गुलाबाचं अत्तर निघत असे. आपलं गवत-तेल तिथे जायचं ते या अत्तरात भेसळ करण्यासाठी. इस्तंबूलमध्ये ते आधी लिंबाच्या रसाबरोबर घुसळत आणि उथळ भांड्यांत उन्हात ठेवत. लिंबातलं आम्ल तेलात आलेला धातूचा अंश बांधून घेतं, रंग निवळतो, वासातला उग्रपणा कमी होतो. मग कधी ते अत्तरात मिसळत, तर कधी सरळ गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून पाकळ्यांसह भट्टीत घालत. दुसऱ्या पद्धतीत भेसळ ओळखणं जास्त अवघड.

भेसळ खपली, कारण ती रासायनिकदृष्ट्या जवळची होती. गुलाबाच्या अत्तरात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि नेरॉल हे तीन अल्कोहोल गटातले घटक प्रमुख असतात आणि रोशा तेलात जिरॅनिऑलचंच राज्य असतं. नाकाला फसवणं त्यामुळे सोपं होतं. पण अस्सल अत्तरात मेणासारखे काही घटक असतात आणि त्यांच्यामुळे ते गारव्याने गोठतं. रोशा तेलात ते नाहीत, म्हणून भेसळीचं अत्तर गोठायला अधिक थंडी लागते. जुने व्यापारी अत्तराची कुपी थंड पाण्यात धरून हेच पाहत. रचना म्हणजे काय याची ही एक प्राथमिक पण पक्की परीक्षा होती.

१८७१: एक रेणू हाती लागतो

१८७१ साली ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेलं हेच 'जिरॅनियम' गवताचं तेल घेतलं, ते पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं आणि त्यातून एक घटक शुद्ध रूपात वेगळा काढला. त्याला नाव मिळालं जिरॅनिऑल. कोरड्या कॅल्शियम क्लोराइडबरोबर जिरॅनिऑल स्फटिकरूप संयुग बनवतं. बाकीचं तेल धुऊन काढायचं, स्फटिकांवर पाणी घालायचं, की जिरॅनिऑल पुन्हा मोकळं. शुद्ध जिरॅनिऑल मिळवण्याची ही रीत नंतर बरीच वर्षं चालली.

जिरॅनिऑलच्या रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे अठरा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. वनस्पती तो पाच-पाच कार्बनचे दोन तुकडे जोडून घडवते. असे दोन तुकडे जोडले की मोनोटर्पीन, तीन जोडले की सेस्क्विटर्पीन. बहुतेक सुगंधी तेलांची घडण या एकाच पंचकार्बनी विटेवर उभी आहे. या वर्गातल्या पदार्थांचा उलगडा केल्याबद्दल ओटो वालाख यांना १९१० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जिरॅनिऑलमधून हायड्रोजनचे दोन अणू काढले की सिट्रॅल होतं. गवती चहाचा लिंबासारखा वास म्हणजे मुख्यतः हेच सिट्रॅल. एकाच कुळातली दोन गवतं. एकात विकर दोन हायड्रोजन काढून घेतं, दुसऱ्यात ते तसेच राहतात. एवढ्यावरून एक चहात पडतं आणि दुसरं अत्तराच्या कारखान्यात जातं. मधमाश्या आपल्या सोबतिणींना बोलावण्यासाठी पोटाकडच्या ग्रंथीतून जो गंध सोडतात, त्यातही जिरॅनिऑल असतं.

मोतिया आणि सोफिया

आता या प्रकरणाच्या नावातला प्रश्न. गवत कापणारे आणि भट्टीवाले तेलाच्या दोन प्रती मानत. मोतिया म्हणजे गुलाबी वासाचं, महाग तेल. सोफिया म्हणजे त्याहून तिखट, आल्याची आठवण देणारं, स्वस्त तेल. व्यापारात पहिलं पामरोसा झालं आणि दुसरं जिंजरग्रास. फरक सर्वांना मान्य होता, कारण मात्र नीट कळलेलं नव्हतं. रूढ समज असा की गवत एकच. तुरे कोवळे, पांढुरके असताना कापलं तर मोतिया आणि पिकून तांबूस झाल्यावर कापलं तर सोफिया.

विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला. ओटो स्टाफ यांनी १९०६ साली क्यू उद्यानाच्या पत्रिकेत हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या तेल देणाऱ्या गवतांचा सविस्तर आढावा घेतला. त्यानंतर आय. एच. बर्किल यांनी या गवताचा अभ्यास करून दाखवलं की मोतिया आणि सोफिया ही एकाच गवताची दोन वयं नसून दोन वेगळे वाण आहेत. दिसायला जवळजवळ सारखे, पण राहण्याची जागा निराळी. मोतिया कोरड्या, उघड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारांवर विखुरलेल्या ठोंबांनी वाढतो. सोफिया ओलसर जागी दाट माजतो.

दोन्ही तेलांची रचना शेजारी ठेवली तर फरक लख्ख दिसतो. चांगल्या मोतिया तेलात साधारण ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असतं. त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट, थोडं लिनॅलूल, थोडं ऑसिमीन आणि कॅरिओफिलीन. सोफियात जिरॅनिऑल बरंच कमी, आणि लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल अशी वलयांकित रेणूंची वेगळीच मंडळी पुढे येतात. मोतियाचं गवत आपला कच्चा माल सरळ साखळीत ठेवतं, सोफियाचं तो वळवून त्याचं कडं करतं. मूळ वीट दोघांची एकच.

हा फरक ओळखायला फार मोठं यंत्र लागत नाही. जिरॅनिऑलच्या रेणूला डावं-उजवं रूप नसतं, म्हणून मोतिया तेलातून ध्रुवित प्रकाश सोडला तर तो जवळजवळ वळत नाही. लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल यांना डावी-उजवी रूपं असतात, म्हणून सोफिया तेल प्रकाशाचं प्रतल चांगलंच फिरवू शकतं. कार्व्होनचंच पाहा. त्याचं एक रूप शेपूच्या बियांत असतं आणि दुसरं पुदिन्याच्या एका जातीत. अणू तेच, जोडणीही तीच, पण आरशातल्या प्रतिमेसारखी मांडणी उलटी, आणि नाक त्यांना दोन वेगळे वास म्हणून ओळखतं. दुसरी परीक्षा मद्यार्काची. मोतिया तेल ७० टक्के मद्यार्काच्या दोन-तीन पट मापात स्वच्छ विरघळतं. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा शेंगदाण्याचं तेल मिसळलेलं असेल तर द्रावण गढूळ होतं.

'मोतिया' हा भट्टीवाल्यांचा शब्द आज पामरोसा तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ४७२७ मध्ये, वाणाचं नाव म्हणून नोंदलेला आहे. तेलाला एक नाव असलं तरी रचना एक नसते, हे त्यांनी नाकाने ओळखलं होतं. मानकाने त्याला आकडे दिले.

एकाच गवतात किती तेलं?

वय बदललं की तेल बदलतं, हा जुना समज मोतिया-सोफियाच्या बाबतीत चुकीचा ठरला. पण वयाचा परिणाम खोटा नव्हता. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतल्या, म्हणजे सीमॅपमधल्या संशोधकांनी मोतियाच्या तुऱ्यांचा विकासक्रमाने अभ्यास केला. कोवळ्या कणसुल्यांत जिरॅनिल ॲसिटेटचं प्रमाण मोठं असतं. कणसुलं पिकत जातं तसं एस्टरेज नावाचं विकर त्यातला ॲसिटेटचा भाग तोडतं आणि जिरॅनिऑल मोकळं होतं. म्हणून कापणी आठवडाभर आधी की नंतर, यावर टक्केवारी हलते.

भागाभागानेही फरक पडतो. तेल सर्वांत जास्त तुऱ्यांत असतं, त्यानंतर पानांत. काडीत फारच थोडं. भट्टीत फक्त तुरे घातले, सगळं गवत घातलं किंवा जाड काड्याच जास्त आल्या, तर उतारा बदलतो आणि रचनाही. कापल्यावर गवत किती सुकवलं, भट्टी किती तास चालली, तेल निघाल्यावर किती महिने आणि कशात ठेवलं, या सगळ्यांची खूण बाटलीत राहते. अर्ध्या भरलेल्या, उन्हात ठेवलेल्या बाटलीत हवेतला ऑक्सिजन जिरॅनिऑलवर काम करत राहतो. त्यातून सिट्रॅल तयार होतं आणि त्वचेला त्रास देणारी हायड्रोपेरॉक्साइडंही. म्हणून तेल काठोकाठ भरून, घट्ट बुचाखाली, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचं.

यंत्र काय सांगतं?

आज तेलाची रचना पाहण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन या रसायनशास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली. सुमारे तीस मीटर लांबीची, आतून पाव मिलिमीटर रुंदीची काचनळी गुंडाळून भट्टीसारख्या पेटीत बसवलेली असते. आतल्या भिंतीला एक पातळ लेप असतो. तेलाचा सूक्ष्म थेंब वाफ होऊन हेलियमच्या झोताबरोबर नळीत शिरतो. मग जे घडतं ते आठवडी बाजाराच्या गल्लीतून जाणाऱ्या माणसांसारखं. ज्याला काहीच घ्यायचं नाही तो झपाट्याने पलीकडे निघतो, जो दुकानादुकानाशी थांबतो तो उशिरा पोहोचतो. लेपाशी कमी रेंगाळणारे हलके रेणू आधी बाहेर येतात, जड आणि रेंगाळणारे मागून. रोशा तेलात आधी ऑसिमीन, मग लिनॅलूल, मग जिरॅनिऑलचा उत्तुंग सुळका, त्यामागे जिरॅनिल ॲसिटेट आणि शेवटाकडे कॅरिओफिलीन.

नळीच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असतो. तो प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतो आणि तुकड्यांची वजनं नोंदवतो. जिरॅनिऑलचं रेणूवजन १५४, पण त्या जागी रेघ अगदी पुसट येते. सर्वांत ठळक तुकडा ६९ चा असतो. अडचण अशी की जिरॅनिऑलचा जुळा भाऊ नेरॉल जवळजवळ असेच तुकडे देतो. म्हणून केवळ तुकड्यांवरून नाव ठरवणं धोक्याचं. नळीतून बाहेर पडायला लागलेली वेळही जुळली पाहिजे. संगणकाने सुचवलेलं नाव डोळे झाकून अहवालात उतरवलं तर तेलात नसलेले पदार्थही यादीत येऊन बसतात.

दुसरी सावधगिरी टक्क्यांची. अहवालातले '८२ टक्के' हे बहुधा आलेखातल्या सुळक्याखालच्या क्षेत्रफळाचे टक्के असतात, वजनाचे नव्हेत. सर्व पदार्थांना यंत्र सारखाच प्रतिसाद देत नाही. आणि टक्का म्हणजे वासही नव्हे. अर्ध्या टक्क्याहून कमी असलेला एखादा घटक नाकाला सर्वांत आधी जाणवू शकतो. शुद्ध जिरॅनिऑल आणि मोतिया तेल हुंगून पाहिलं तर फरक कळतो. तेलाचा गोलवा त्या उरलेल्या थोड्या घटकांतून येतो.

जांबाच्या पानांची गोष्ट

रोशाच्या तेलात एक रेणू बाकी सगळ्यांवर मात करून बसलेला असतो. याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण प्रत्येक वाडीत उभं आहे. पेरू, निमाड-वऱ्हाडाकडे ज्याला जांब म्हणतात, तो मूळचा उष्ण अमेरिकेतला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेला. लवंग, निलगिरी आणि जांभूळ यांच्याच कुळातला. त्याचं कोवळं पान उजेडासमोर धरलं तर बारीक, पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. पानं वाफेवर धरली तर तेल निघतं, पण फार थोडं: ताज्या पानांच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

या तेलात एकाचं राज्य नाही. कॅरिओफिलीन, लिमोनीन, आल्फा पायनीन, सिनिओल, नेरोलिडॉल, कॅरिओफिलीन ऑक्साइड, बिसॅबोलीन असे कितीतरी पदार्थ थोडे थोडे असतात. जगभरच्या विश्लेषणांत कुठे कॅरिओफिलीन पहिलं येतं, कुठे लिमोनीन, कुठे सिनिओल. याचा अर्थ कोणाचं तरी यंत्र चुकलं असा नव्हे. झाडाचा वाण, माती, ऋतू, पानाचं वय, पान ताजं की वाळलेलं, भट्टी किती वेळ चालली, या सगळ्यांची ती बेरीज आहे. भट्टी लवकर थांबवली तर हलके मोनोटर्पीन जास्त दिसतील. पंधरा कार्बनचे जड सेस्क्विटर्पीन उशिरा येतात, ते देगीतच राहतील. पानं वाळवली तर कॅरिओफिलीनचा काही भाग ऑक्सिजन घेऊन ऑक्साइड होतो.

म्हणून 'पेरूच्या पानांच्या तेलात अमुक टक्के कॅरिओफिलीन असतं' हे वाक्य अपुरं आहे. कुठला पेरू? सरदार, म्हणजेच लखनौ-४९, हा वाण १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत लखनौकडच्या बियाण्यापासून निवडला गेला. त्याच्या बागेत शेजारी अलाहाबाद सफेदा असेल तर दोघांची पानं एकत्र करून काढलेलं तेल कोणाचं म्हणायचं? रोशाच्या बाबतीत हा प्रश्न भट्टीवाल्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच विचारला होता.

आणखी एक गोष्ट पेरूच्या पानांबद्दल स्पष्ट सांगायला हवी. जुलाबावर घरी पेरूच्या पानांचा काढा देतात. त्या काढ्यातले टॅनिन आणि क्वेर्सेटिनच्या जातीचे फ्लॅव्होनॉइड पाण्यात उतरतात, पण वाफेबरोबर वर जात नाहीत. म्हणून काढा आणि सुगंधी तेल हे एकाच पानाचे दोन पूर्णपणे वेगळे अर्क आहेत. एकाचे गुण दुसऱ्याच्या बाटलीवर छापणं चूक आहे. आणि सुगंधी तेल काढ्यासारखं पोटात घेणं धोक्याचं आहे.

बाटलीवर काय लिहावं?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून जिरॅनिऑल कारखान्यात बनू लागलं आणि जंगलातल्या भट्ट्यांचा जुना बाजार आटला. तरी पामरोसाला मागणी टिकली, ती त्या उरलेल्या थोड्या घटकांमुळे. सीमॅपने मोतियाचे सुधारित वाण दिले आणि गवत जंगलातून शेतात आलं. एकदा लावलेलं पीक काही वर्षं टिकतं आणि पाण्याची सोय असेल तर वर्षात अनेक कापण्या देतं. हलकी जमीन, मुरमाड उतार, डुकरांचा त्रास असलेली कडेची शेतं, अशा ठिकाणी शेतकरी त्याचा विचार करतात.

असा विचार करणाऱ्याने आधी बियाण्याची खात्री करावी. या गवताचं परागीभवन परस्परांत होतं, आणि डोंगरावरून आणलेल्या बियांत सोफिया मिसळलेला असू शकतो. उगवल्यावर दोन्ही सारखेच दिसतील आणि फरक कळेल तो थेट व्यापाऱ्याच्या तराजूवर. दुसरं, तुरे भरात असताना कापणी करावी आणि पहिल्या भट्टीचं तेल तपासून घ्यावं. तिसरं, तेलाबरोबर त्याची हकीगत लिहून ठेवावी: वाण, शेत, कापणीची तारीख, गवत ताजं की सुकलेलं, भट्टी पाण्याची की वाफेची, किती तास चालली आणि तेल कशात भरलं. या नोंदीशिवाय प्रयोगशाळेचा अहवाल अर्धाच असतो, कारण त्यातला आकडा कशाचा आहे हेच कळत नाही.

हीच अपेक्षा संशोधकाकडूनही आहे. तापीच्या खोऱ्यातल्या गवताचं असो की पुण्याच्या बागेतल्या पेरूचं, तेलाची टक्केवारी छापताना त्याने झाडाचा वाण, जागा, महिना, पानाचं वय आणि भट्टीची रीत लिहिली पाहिजे. तेवढं असेल तर दहा वर्षांनी दुसरा कोणी त्याच उतारावर जाऊन तेच तेल पुन्हा काढू शकतो आणि आकडा पडताळून पाहू शकतो. पुन्हा पडताळता येतो तोच आकडा विज्ञानाच्या उपयोगाचा, आणि त्याच आकड्यावर शेतकऱ्याला आपल्या मालाचा रास्त भाव मागता येतो.